आधी ओझं सांग

दारात गाडी थांबली की काका माणसाकडे बघायचेच नाहीत. पायात जांडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, अंगात पॅकहाउसचा निळा ओव्हरऑल, अशा अवतारात बाहेर यायचे, बॉनेटवर उजवा पंजा टेकवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. बॉनेट गरम लागलं तर एवढंच म्हणायचे, "उद्या ये. सकाळी. इंजिन थंड असताना." आणि आत. आता हेन्डरसनहून तासभर चालवत आणलेली गाडी गरम नसणार तर काय असणार? पण हे त्यांना सांगणार कोण? माझ्या डोळ्यांदेखत तिघे जण आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे मुक्कामाला आले होते, का, तर सकाळी गाडी थंड मिळावी. काकूंनी तिघांना पोहे करून घातले आणि काकांना चार शब्द सुनावले.

"गरम इंजिन म्हणजे पाहुण्यांसमोरचं घर," काका म्हणायचे. "सगळं आवरून ठेवलेलं. मला पाहुणे यायच्या आधीचं घर बघायचंय."

पुकेकोहेच्या आसपासची मराठी मंडळी त्यांना विचारल्याशिवाय गाडी घेत नसत. पुण्याजवळच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं ते इंजिन टेस्टिंगला होते. बंद खोलीत इंजिन पूर्ण वेगाने तासन्‌तास पळवायचं आणि काचेबाहेर उभं राहून काटे बघायचे, असं ते काम. हे काचेबाहेर थांबायचे नाहीत, आत जायचे. इथे परदेशात आल्यावर एका पॅकहाउसमध्ये कांदे निवडायच्या मशीनची दुरुस्ती करायचे. २०११ साली मी शिकायला आलो तेव्हा त्यांच्या गॅरेजचीच खोली केलेली होती, तिथे दोन वर्षं भाड्याने राहिलो. पुढे भाडेकरूपण संपलं, काका-काकू राहिले. त्यांची एक गोष्ट कुणाला सांगणार नाही असा मी त्यांना शब्द दिला होता. तो त्यांनी स्वतःच मोडला, म्हणून आता लिहितोय.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, इंजिनं राहायची. "तो दोन-चार पेट्रोल आला होता," म्हणजे २.४ लिटर इंजिनवाला, असं ते काकूंना सांगत आणि काकूंना बरोबर कळे. मी कितीतरी वर्षं त्यांच्या लेखी 'दीड लिटर' होतो. काकूंबद्दल म्हणायचे, "ही डिझेल. तापायला वेळ लागतो, पण तापली की मग दिवसभर." काकूंची एक सवय होती. काकांशी बोलायच्या आधी त्या हलकेच त्यांच्या कोपराला हात लावायच्या. आम्हा पोरांना वाटायचं, या वयातसुद्धा काय प्रेम आहे.

काका फोनवर बोलत नसत. "फोनवर गाडी कळत नाही. घेऊन ये." पाठीमागून कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचे नाहीत, आणि पुन्हा विचारलं तर डाफरायचे, "समोर येऊन बोल ना! पाठीमागून काय कुजबुजतोस?" एकदा मी मोठ्या हौसेने दाढी-मिशा वाढवल्या, तर महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "माणसाचं तोंड दिसू दे जरा." मी चिडून भादरून टाकल्या. विक्षिप्त माणूस आहे, असं आम्ही सगळे म्हणायचो आणि पुढची गाडी त्यांच्याकडेच न्यायचो.

आणि तो स्क्रूड्रायव्हर. हातभर लांब, लाकडी मुठीचा, पुण्याहून आणलेला. जुने मेकॅनिक त्याचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाला लावतात, तेवढं मलाही माहीत होतं. काका मूठ दातांत धरायचे. चालत्या इंजिनावर ओणवे होऊन, मूठ चावून, डोळे मिटून उभे राहायचे. त्या मुठीवर दातांच्या खुणांनी पार खड्डे पडले होते. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिने एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं, "बाबा, व्हाय इज काका ईटिंग द कार?" तेव्हा सगळ्यात मोठ्याने मीच हसलो होतो.

गाडी सुचवा म्हटलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "आधी ओझं सांग, मग इंजिन विचार." खिशातून छोटी डायरी काढायची, तुमचं नाव लिहायचं, पुढे रेघ ओढायची आणि त्या रेघेवर ओझं लिहायचं. माणसं किती, सामान किती, लांब किती, चढ किती. ते लिहून झाल्याशिवाय इंजिनाचं नाव काढायचे नाहीत. फुशारक्या मारणाऱ्यांची तिथेच उतरायची.

२०१८च्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो तो मोठ्या पिकअपसाठी. साधी यूट, म्हणजे इथली लहान पिकअप नव्हे, अमेरिकेहून आणून इथे उजव्या स्टिअरिंगची केलेली, पुरी धिप्पाड. पाच वर्षं मी ऑफिसात बसून दुसऱ्यांचे ट्रक स्क्रीनवर हलवत होतो. त्याचा इतका वीट आला होता की चाकांवरच्या केबिन भाड्याने देणाऱ्या एका कंपनीचं काम मी घेऊन टाकलं. लोक या केबिन परसात आणून उभ्या करतात, कुणी म्हाताऱ्या आईसाठी, कुणी लग्न झालेल्या मुलासाठी. त्या ओढून नेऊन पोचवायच्या. गाडी माझी, काम त्यांचं. सोमवारी सुरुवात, आणि सोमवारी गाडी नसेल तर काम दुसऱ्याला.

माझ्या बायकोने, अनघाने, एका अटीवर होकार दिला होता. रोज संध्याकाळी घरी. ती हॉस्पिटलात सकाळच्या पाळीला, साडेसहाला घर सोडायची. मुलीला उठवणं, डबा, शाळा, सगळं माझ्याकडे. मी तिला म्हटलं, आसपासचंच काम आहे. ते धादांत खोटं होतं. आठवड्यातून दोनदा घाट ओलांडून इथल्या दूरच्या कोरोमंडल भागात जायचं होतं, आणि दोन्ही वेळा तिकडे मुक्काम. ओझं तीन टनांच्या घरात. आधी काम हातात येऊ दे, मग सांगू, असं मी रोज स्वतःला म्हणत होतो आणि रोज गप्प बसत होतो.

ओटाहुहूच्या एका यार्डात मला दोन गाड्या दिसल्या होत्या. एकच मॉडेल, एकच रंग, इंजिनं वेगळी. एक पाच-सात पेट्रोल, व्ही-एट. दुसरी तीन लिटर डिझेल. मला व्ही-एट हवी होती. एक तर तिचा आवाज. दुसरं कारण आवाजाहून वाईट. लांबचं जड ओझं ओढायला डिझेल, जवळच्या फेऱ्यांना पेट्रोल, हे काकांनी आमच्या सगळ्या कंपूला इतक्या वेळा ऐकवलं होतं की अनघालाही ते पाठ होतं. जवळच्या फेऱ्यांत डिझेल गुदमरतं, वर इथे डिझेलला किलोमीटरमागे वेगळा कर. 'आसपासच्या' कामाला मी डिझेल घेऊन आलो असतो, तर तिने दारातच ओळखलं असतं.

बुधवारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. काकू तव्यावर थालीपीठ लावत होत्या. काकूंना कळलेलं अनघाला कळायला एक फोन पुरे. काकांनी डायरी उघडली, माझं नाव लिहिलं, रेघ ओढली.

"ओझं सांग."

मी खिडकीबाहेर बघितलं. पलीकडे कांद्याचं काळं शेत नांगरून पडलं होतं.

"दीड टन. फार तर."

"किती?"

"दीड हो, काका."

"आणि लांब?"

"इथेच. पापाकुरा, पुकेकोहे." मी अजून शेताकडेच बघत होतो.

पेन रेघेवर थांबलं होतं. मग त्यांनी टोपण लावलं आणि काही न लिहिता डायरी मिटली. "शनिवारी जाऊ," म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

शनिवारी सकाळी यार्डात दोन्ही गाड्यांच्या काचांवर दव होतं. इंजिनं चालू करू नकोस म्हणून मी सेल्समनला आधीच फोन करून ठेवला होता. तो हातात कॉफीचा कप घेऊन आला, "किया ओरा, जेंट्स," असा इथला नमस्कार केला, आणि बारा वाजता आणखी एक गिऱ्हाईक येणार आहे हेही लगोलग सांगून मोकळा झाला. कोणती गाडी बघायला, ते मात्र सांगेना. घड्याळात दहा वाजून गेले होते.

काकांनी व्ही-एटच्या बॉनेटवर हात ठेवला. थंड. मान हलवली. सेल्समनने किल्ली फिरवली आणि तो आवाज आला. माझ्या तर बरगड्यांत शिरला. मनात मी ती गाडी तिथेच घेऊन टाकली. काका आत वाकले, मूठ दातांत धरली, टोक इंजिनला लावलं. सेल्समनने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. काका टोक सरकवत सरकवत डाव्या बाजूला अगदी मागे गेले, थांबले, आणि सरळ झाले.

"टिकटिकतंय. डावीकडे, मागे. तापलं की लपेल."

मी कान देऊन ऐकलं. टिक नाही की टाक नाही. गाडी झकास आहे अशा सुरात सेल्समन म्हणाला, "नाह, शी'ज स्वीट अ‍ॅज, मेट."

तेवढ्यात मागच्या शेडमधून एक फोर्कलिफ्ट उलटी येऊ लागली. तिचा बीप-बीप, वर भोंगा. काका तिच्याकडे पाठ करून मूठ पुसत उभे होते. मी म्हटलं, "काका, बाजूला." मग ओरडलो, "काका!" फोर्कलिफ्टवाला ओरडला. सेल्समनच्या हातातून कप पडला. काका शांतपणे मूठ पुसत होते. मी धावलो, ओव्हरऑलची कॉलर धरली आणि ओढलं. फोर्कलिफ्टचं मागचं चाक त्यांच्या जांडलवरून गेलं. पाय निघाला होता, जांडल राहिली होती.

ते आधी माझ्यावर वैतागले. मग त्यांनी फोर्कलिफ्ट पाहिली. मग माझा चेहरा पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

मला एका क्षणात सगळं कळलं. फोन. दाढी. "समोर येऊन बोल." काकूंचा कोपराला हात. हा माणूस बहिरा होता, आणि कुणास ठाऊक किती वर्षं होता. खरं सांगायचं तर मला आधी राग आला, काळजी नंतर. आम्ही सगळ्यांनी याच्या कानांवर भरवसा ठेवून गाड्या घेतल्या! परवा सोमवार, बाराला दुसरं गिऱ्हाईक, आणि माझ्या आवडत्या इंजिनात ज्याला खोट ऐकू येते त्याला फोर्कलिफ्ट ऐकू येत नाही. मी तोंड फिरवून पुटपुटलो, "बहिऱ्याला टिकटिक ऐकू येते म्हणे."

ते त्यांना कळलं नसणार. पण त्यांनी मूठ ओव्हरऑलला पुसली आणि स्क्रूड्रायव्हर माझ्यापुढे धरला. त्यांचा आवाज नेहमी मोठा असे. त्या वेळी पहिल्यांदाच हळू बोलले.

"चाव."

"काका, इथे नको."

"तापायच्या आत. लवकर चाव."

सेल्समन म्हणाला, गाडी जरा गरम होऊ द्या, मग बघा. डॅशबोर्डवरचा काटा हलायला लागलाच होता. मी मूठ दातांत धरली. तेलाची आणि जुन्या लाकडाची चव आली. टोक टेकवलं तर सगळ्या जबड्यात नुसती घरघर. काकांनी माझं मनगट धरून टोक सरकवलं, डावीकडे, मागे, अजून मागे. आणि माझ्या दाढेत कुणीतरी टिचकी मारायला लागलं. टक. टक. टक. घरघर चालूच होती आणि तिच्या आत ती टिचकी, अगदी वेळेवर. मी मूठ तोंडातून काढली, कानाला काही नाही. पुन्हा चावलं, आहे. मग ती हळूहळू पुसट झाली आणि गेली. काटा वर आला होता.

काकांनी विचारलं, "कळलं?"

मी मान हलवली. फार लाज वाटली मला.

मग डिझेल. ती थंडीत खडखडली, थरथरली, पण दाढेला सगळे ठोके सारखे लागले. सेल्समन म्हणाला, व्ही-एटमध्ये काही असलंच तर आठवड्यात दुरुस्त करून देऊ, लेखी देऊ, गाडी आज न्या. म्हणजे निवड होती तिथेच राहिली. अकरा वाजून गेले होते. काका म्हणाले, "बाहेर चल."

यार्डासमोर एक डेअरी होती, दूध-ब्रेड-वर्तमानपत्रांचं कोपऱ्यावरचं दुकान. तिच्या बाकावर बसलो. काकांच्या एका पायात जांडल, दुसरा नुसता मोज्यात.

"कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले.

"काकूंना माहीत आहे?"

"तिला पहिल्यापासून. कारखान्यातच गेले कान. बोलणं गेलं, भोंगे गेले, ठोके राहिले." मग म्हणाले, "लोक गाड्या घेऊन येतात. बहिरा आहे कळलं तर कोण येईल?"

मी म्हटलं, "नाही सांगणार." आणि मनापासून म्हटलं.

मग त्यांनी डायरी काढली. माझं नाव, पुढे रेघ, रेघेवर काही नाही.

"परवा ओझं विचारलं तेव्हा तू तोंड फिरवलंस. दोनदा विचारलं, दोनदा फिरवलंस. मला आकडा कळलाच नाही." डायरी त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "पण ज्याला खरं सांगायचं असतं तो माझ्याकडे बघून सांगतो. हे मला बऱ्याच वर्षांत कळलंय. आता इकडे बघ. ओझं किती?"

मी बघितलं. कुणी माझ्या ओठांकडे इतकं टक लावून बघताना मला खोटं बोलता येईना. सगळं सांगितलं. तीन टन, कोरोमंडल, घाट, दोन मुक्काम, अनघाची सकाळची पाळी, मुलीची शाळा.

"मग डिझेल," ते म्हणाले. "यात विचारायचं काय होतं?" पेन मात्र त्यांनी खिशातच ठेवलं. "आधी घरी सांग. मग घे."

"काका, बाराला ते गिऱ्हाईक! फोन करतो अनघाला."

"फोनवर नाही."

"गाडी गेली तर काम जाईल!"

"जाऊ दे."

मी खूप चिडलो. उठून यार्डाच्या फाटकापर्यंत गेलोसुद्धा. परत आलो तर ते तसेच बसलेले, एका पायात जांडल. गाडीत बसून आम्ही पापाकुराला माझ्या घरी निघालो. वाटेत मी एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तरी रस्त्यावरची नजर काढून त्यांच्याकडे बघता आलं नसतं.

अनघा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, पाठमोरी. "काय, ठरली का कुठली?" तिने न वळताच विचारलं. त्या पाठीला 'हो' म्हणणं किती सोपं होतं! मी वळसा घालून तिच्या समोर जाऊन उभा राहिलो. माझी पँट तिच्या हातातच होती. सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग पँटला चिमटे लावले, एक, दोन.

"खोटं बोललास, त्याचं नंतर बघते," ती म्हणाली. "आधी हे सांग, त्या घाटात उतरताना ब्रेक पुरतील?"

मी दाराकडे बघितलं. काका दारात उभे होते. ती त्यांच्याकडे वळली आणि तेच विचारलं. ते म्हणाले, "केबिनला स्वतःचे ब्रेक असतात. आणि डिझेल उतारावर धरून ठेवता येतं. मी शिकवीन त्याला." मग म्हणाले, "दोन सकाळी पोरीला आमच्याकडे आणून सोड. ही आहे, मी आहे." काकूंना न विचारताच त्यांनी हे कबूल करून टाकलं होतं. त्याचं पुढे त्यांना चांगलंच ऐकावं लागलं, म्हणजे बघावं लागलं.

मुलीला घेऊन आम्ही तिघे यार्डात परत पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. दोन्ही गाड्या जागेवर होत्या. गिऱ्हाईक आलंच नव्हतं की येणारच नव्हतं, कोण जाणे. सेल्समन व्ही-एटच्या बॉनेटखाली वाकला होता आणि त्याच्या दातांत पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर होता.

आम्ही डिझेल घेतली. त्या व्ही-एटचं पुढे काय झालं मला माहीत नाही. काकांचं सांगतो. पुढच्या वर्षी गणपतीत, आरतीनंतर सगळी मंडळी जमलेली असताना, त्यांनी दोन्ही कानांतली नवी मशीनं काढून हातावर घेऊन दाखवली. आपणच सांगून टाकलं. दूर राहणाऱ्या त्यांच्या मुलीने घ्यायला लावली म्हणाले. कुणीतरी विचारलं, कसं वाटतंय? "सगळं ऐकू येतं," काका म्हणाले. "कळत काही नाही." आणि मशीनं खिशात टाकून प्रसादाला बसले. गाड्या येतच राहिल्या.

पण मला ते आठवतात ते त्या सोमवारच्या सकाळी. पिकअपच्या मागे पहिली केबिन जोडलेली होती. चारी चाकांखाली काकूंनी लिंबं ठेवली होती. अनघा रजा काढून थांबली होती, माझ्याशी मोजकंच बोलत होती. मी वर चढून किल्ली लावली, तर काका गाडीसमोर उभे, बॉनेटवर हात.

"उतर."

उतरलो. त्यांनी डायरी काढली.

"ओझं किती?"

मी त्यांच्या तोंडासमोर उभा राहिलो. "दोन टन नऊशे. कोरोमंडल. मंगळवारी परत."

त्यांनी अनघाकडे बघितलं. तिने मान हलवली. मग माझ्या नावापुढच्या रेघेवर त्यांनी सावकाश सगळं लिहिलं, डायरी मिटली आणि बॉनेटवरचा हात उचलला.

"थंड आहे," म्हणाले. "कर चालू."